रिकामे रान

एटोशाच्या ओकाउकुएओ तळावर रात्री पाणवठ्याशी बसलो होतो. दिव्यांच्या उजेडात काळा गेंडा आला, पाणी प्याला, गेला. स्वतः गाडी हाकीत, तंबू ठोकीत इथवर आल्याचा थोडा अहंकार मनात होताच. 'माणसाचा स्पर्श नसलेले रान' असे म्हणणार, तोच शब्द अडले. इथे हाइओम लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून जगत. १९५४ साली त्यांना हुसकावण्यात आले. म्हणजे मी भुललो ती निर्जनता सरकारी हुकुमाची! पण माणसे राहती, तर गेंडा उरता का? युक्तिवाद सोयीचा खरा. मात्र क्रूगर अरण्यातून १९६९ साली हाकललेल्या माकुलेके लोकांना १९९८ साली जमीन परत मिळाली, तेव्हा त्यांनी ती नांगरली नाही. वन्य प्राण्यांसाठीच राखली. त्यांना आधी कोणी विचारले होते का?