रेषा वाजवताना

इंग्लिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू याने १९६३ ते १९६७ या काळात ‘ट्रीटीज’ ही १९३ पानांची स्वरलिपी रचली, खरे तर रेखाटली. वर्तुळे, त्रिकोण, काळे ठोकळे, वाकलेल्या पंचरेषा आणि जवळजवळ सगळ्या पानांच्या मधून आडवी जाणारी एक ठळक रेघ. वाद्य कोणते, वादक किती, कोणत्या खुणेचा अर्थ काय, याबद्दल स्वरलिपीत एकही सूचना नाही.

ही पाने समोर ठेवून तीन-चार वादक बसले की वाटेल ते वाजवायला ते मोकळे, असा समज होतो. मला तो मुळीच पटत नाही. पहिले मोठे वर्तुळ येताच चेलोवादकाने लांब खर्ज धरला, तर काही पानांनी तसेच वर्तुळ आल्यावर त्याला त्या खर्जाची आठवण ठेवावीच लागते. नियम त्याने स्वतः केला, पण सोबत्यांनी तो ऐकला आहे. आता तो मोडायचा तर जाणूनबुजून मोडायला हवा. मधली रेघ एकाने शांतता मानली आणि दुसऱ्याने अखंड आस, तर त्या दोघांतला ताणही दोघांनी मिळून पेलायचा.

आपल्या ख्यालात कागदावर फार थोडे असते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकात बंदिश मोजक्या ओळींत मावते. बाकीचे राग, ताल आणि गुरूची तालीम पुरवतात. ‘ट्रीटीज’मध्ये कागद भरगच्च, पण पाठीशी ना राग, ना घराणे. तिथे परंपरेचे काम शेजारच्या वादकाच्या कानाला करावे लागते.

मग कागद हवाच कशाला? मोकळ्या वादनात बोटे सवयीच्या वाटेने जातात म्हणून. काळ्या ठोकळ्याला त्या सवयी ठाऊक नसतात. स्वतः कार्ड्यू १९६६ पासून ‘एएमएम’ या मुक्तवादन करणाऱ्या गटात होता, तरीही हे रेखाटन त्याने तडीस नेले.

पुढे मार्क्सवादी झाल्यावर त्याने आपले हे काम बूर्झ्वा ठरवून नाकारले. त्याची तळमळ खरी होती, निवाडा चुकला. पंचरेषा वाचता न येणारा माणूसही या पानासमोर कसलेल्या वादकाच्या बरोबरीने बसू शकतो. इतकी समता असलेली स्वरलिपी कर्त्याने नाकारली, तरी वाजवली गेलीच पाहिजे.