सिंहासनाखालची गल्ली

निवडणूक लागली की ‘काय वाचावं, काय पाहावं’ याच्या याद्या फिरू लागतात. मराठी यादीत ‘सिंहासन’ असतोच आणि असायलाच हवा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये चित्रपट केला; आजही कुणी आमदार फुटला की त्यातलं कुणीतरी आठवतं. त्याच्या जोडीला ‘सिटी ऑफ ड्रीम्स’सारखी वेब मालिका: घराणं, भाऊ-बहीण, खुर्ची. पण यातली बहुतेक नजर वर, मंत्रालयाकडे आणि बंगल्यांकडे लागलेली असते. कुणी कुणाचा काटा काढला, हे समजण्यालाच आपण राजकारण समजणं म्हणतो आणि ‘सगळे सारखेच’ म्हणून टीव्ही बंद करतो.

गल्लीत काय चालतं ते पाहायचं, तर भिवंडीच्या नावाशी जोडलेली पुस्तकं उघडावी लागतात.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली. यंत्रमाग जळाले, विणकरांची घरं राख झाली. पुढे भीष्म साहनी आपले भाऊ बलराज यांच्याबरोबर हे गाव पाहायला आले. जळक्या वस्तीत फिरताना त्यांना १९४७चं रावळपिंडी आठवलं आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. तेवीस वर्षं मनात पडून असलेली फाळणी भिवंडीनं वर काढली. १९७५ मध्ये त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

‘तमस’ सुरू होते ती एका कोंदट खोलीत. नत्थू डुक्कर मारायला धडपडतो आहे. मुराद अलीनं त्याच्या हातात पाच रुपयांची नोट ठेवली आहे, गुरांच्या डॉक्टरसाहेबांना डुक्कर हवंय असं सांगितलं आहे. सकाळी तेच मेलेलं जनावर मशिदीच्या पायरीवर सापडतं. आपण कशाचं काम घेतलं, हे करणाऱ्याला शेवटी कळतं. आणि कादंबरी संपताना शांततेच्या घोषणा देत जी बस शहरातून फिरते, तिच्यात पुढे बसून ओरडतो आहे तो मुराद अलीच. नत्थू तोवर मेलेला आहे. निवडणुकीच्या राजकारणाचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही, आणि या कादंबरीत तर निवडणूकच नाही.

गोविंद निहलानींची ‘तमस’ मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा ती बंद पाडायला लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि दाखवायला हरकत नाही असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानंही प्रक्षेपण रोखलं नाही. मत बनवण्याआधी पूर्ण पाहणं, ही सवय चाळीस सेकंदांच्या कापलेल्या भाषणावर भांडणाऱ्या आपल्याला परवडेनाशी झाली आहे.

दुसरं पुस्तक म्हणजे न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल. भिवंडी, जळगाव आणि महाडच्या १९७०च्या दंगलींची ही चौकशी. कंटाळवाणा सरकारी दस्तऐवज समजून तो कुणी हातात घेत नाही. पण पोलिसांच्या तपासातल्या पक्षपातावर त्यात जे ताशेरे आहेत, ते कुठल्याही थरारपटापेक्षा बोचरे आहेत.

तिसरं पुस्तक सुरेश खोपडे यांचं. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या खोपड्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली वस्तीतली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे, लहानसहान तंटे तिथेच मिटवायचे. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना, शेजारची भिवंडी शांत राहिली. नत्थूला कुणी नोट दिली, हे गल्लीत आधी कळायची सोय झाली होती, असं मी त्याचं सार काढतो.

पॉडकास्टांचं काय? दोन-दोन तासांच्या मुलाखतींत पुढाऱ्याचं बालपण, आवडता पदार्थ, आईची आठवण सगळं येतं. मागावर बारा तास उभं राहून तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याबद्दल, त्याच्या खोलीतल्या पाण्याबद्दल, कारखान्याच्या वीजबिलाबद्दल प्रश्न क्वचितच येतो. लांब बोलणं म्हणजे खोल बोलणं नव्हे. उलटा प्रश्न विचारला जातो का, एवढं पाहून ऐकायचं की नाही ते ठरवावं.

‘सिंहासन’ पाहाच, पण वर काय शिजतंय एवढंच कळून भागत नाही. चांगलं राजकीय पुस्तक कुणाला मत द्यायचं ते सांगत नाही. काम करणारा, पैसे देणारा आणि नंतर शांततेच्या बसमध्ये पुढे बसणारा, हे तिघं ओळखायला शिकवतं. दारात प्रचाराची रिक्षा येईल तेव्हा भोंग्यावर काय चाललंय हे ऐकण्याआधी, भोंगा धरून बसलेला माणूस कोण आणि त्याला तिथे कुणी बसवलं, एवढं विचारता आलं तर वाचन कामी आलं.