पडक्या भिंतीवरचा पारवा



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण सर्व मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण करतो आणि महिनाभर आपल्या घरच्या गेलेल्या माणसांची नावे प्रार्थनेत घेतो. नाव सांगताना आवाज कापतो, हे आम्हांला ऐकू येते. पण पुढे कोणी बोलत नाही. कापसाची वेचणी चालू असते, हरभऱ्याची पेरणी उरकायची असते. विचारले, तर उत्तर येते, "काय सांगायचं फादर, चाललंय."

आपल्याकडे दुःखाला बोलायची मुभा फार थोडी आहे. गडीमाणसाने रडू नये असे म्हणतात. बाईने रडावे, पण तेराव्यापर्यंतच. भेटायला येणारे लोक सांगून जातात, "देवाची इच्छा, आता डोळे पुसा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण प्रभू येशू असे वागलेला नाही. लाजरला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो त्याच्या कबरीपाशी रडला. योहानाने ते आपल्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लिहून ठेवले आहे.

मग जे बोलता येत नाही, ते बोलायचे कसे? बायबलमधील १०२ वे स्तोत्र काढून पाहा. गांजलेल्या माणसाची ती प्रार्थना आहे. आपले दुखणे तो सरळ सांगू लागतो, पण शब्द पुरत नाहीत. तेव्हा तो पडक्या जागेतल्या घुबडाकडे वळतो, घराच्या छपरावर एकट्या बसलेल्या पाखराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो की, मी तसा झालो आहे. एवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळे समजते. किती झोप लागत नाही, जेवण कसे जात नाही, हे वेगळे विचारावे लागत नाही.

आपण चारठाण्याच्या माणसांनी हे लवकर ओळखावे. जुन्या कोरीव दगडी मंदिरांचे खांब आणि पडक्या भिंती आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. भर दुपारी अशा जागी पारवा घुमू लागला की काही कारण नसताना जीव उदास होतो. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची 'पारवा' नावाची कविता अशाच एका पडक्या जागेची आहे. स्तोत्रकर्ता आणि हा खानदेशातला तरुण यांच्यात दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी दोघांना दुःखासाठी पडकी भिंत आणि एकटे पाखरूच सापडले. बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेबद्दल तर जाणकार आजही वाद घालतात, की त्या पाण्याकाठच्या झाडात समाधान आहे की उदासी. आम्हांला विचाराल तर दोन्ही आहे, आणि म्हणूनच ती सुखातल्या माणसालाही आपली वाटते व दुःखातल्यालाही.

हे बालकवी काही काळ अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले होते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या कॅथलिक संप्रदायातले नव्हते, पण त्यांची ख्रिस्तभक्ती आपल्याला परकी नाही. लक्ष्मीबाईंनी या कवीला घरच्या मुलासारखे वागवले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये तो भेटतो. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वयाची २८ वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला टिळकही गेले. साधारण एका वर्षाच्या अंतराने लक्ष्मीबाईंनी दोघांना गमावले. ज्यांना 'स्मृतिचित्रे' मिळेल, त्यांनी जरूर वाचावे. इतके सोसूनही हसता येणारी बाई मराठीत विरळाच.

टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना शाळेपासून ठाऊक असेल. घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत पिलांपर्यंत पोहोचते आणि तिथे प्राण सोडते. प्रभू येशूनेही जेरुसलेमसाठी शोक करताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा दिली. प्रीती आणि दुःख त्याने एकाच पाखरात सांगितले. शास्त्र्यांपुढे बोलताना कोंबडीची उपमा! पण आईचे मन सांगायला त्याला तीच जवळची वाटली.

आणि हे फक्त शिकलेल्यांचे काम नाही. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून हेच करीत होत्या. सासुरवाशिणीला सासरी तोंड उघडण्याची सोय नव्हती. जात्याच्या घरघरीत ती पावसाला, विहिरीला, आंब्याच्या झाडाला सांगे, आणि ऐकणाऱ्या बायकांना कळे की ही माहेराविषयी बोलते आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा करवल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, मेहनत वाचली, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर रडण्याची ती जागाही गेली.

कोणी म्हणेल, फादर, रविवारच्या पत्रकात कविता कशाला? संत थॉमस अक्वायनस याने दुःखावरच्या उपायांचा विचार शांतपणे केला आहे. अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, एवढेच काय, झोप आणि स्नानही त्याने त्यात मोजले आहे. अश्रूंबद्दल तो म्हणतो की, आत कोंडलेली पीडा जास्त छळते, कारण मन तिच्याभोवतीच फिरत राहते. बाहेर वाट मिळाली की ती हलकी होते. स्नानाचा सल्ला देणारा हा ख्रिस्तसभेचा आचार्य होता, हे आम्हांला फार दिलासा देणारे वाटते!

कवितेने मेलेला माणूस परत येत नाही. ती आशा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात आहे, आणि १०२ वे स्तोत्रही शेवटी सनातन देवाकडे वळतेच. पण आधी ते घुबडाजवळ आणि त्या एकट्या पाखराजवळ थांबते. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, ज्या घरातल्या शेतकऱ्याने कर्जाच्या ओझ्याखाली स्वतःचा जीव संपवला, त्या घरी गेल्यावर आपणही आधी थोडे थांबू या. उपदेश नंतर करता येईल. त्या माणसाची लाडकी बैलजोडी, त्याने लावलेले लिंबाचे झाड, यांच्याविषयी विचारा. बोलणे तिथून सुरू होते.

येत्या रविवारी मिस्सानंतर आपण १०२ वे स्तोत्र एकत्र म्हणणार आहोत. ज्या आजींना जात्यावरच्या ओव्या आठवतात, त्यांनी कृपया थोडा वेळ थांबावे. सुनांनी आणि नातींनी वही-पेन घेऊन यावे. चहाची व्यवस्था केली आहे.

तुमचे धर्मगुरू