जमिनीवर पडलेले कोणाचे?

होळी होऊन जाते, पळसाची फुले गळू लागतात, ऊन अजून सोसण्याजोगे असते. अशा दिवसांत ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात एक बेत ठरलेलाच असतो : लेकराला कोठे तरी फिरवून आणू या. कोणी नदीवर नेतो, कोणी बागेत, कोणी ओळखीच्या मळ्यावर. डबा बांधला जातो, पाण्याची बाटली, टोपी, एक जादा झबले घेतले जाते आणि निघताना काहीतरी विसरतेच. यात नीतीचा प्रश्न तो काय, असे वाचक विचारतील. आम्हीही असेच समजत होतो.

मागे एकदा या दिवसांत आम्ही उभयता मुलाकडे सिल्वासास राहावयास गेलो होतो. मुलगा तेथल्या एका कारखान्यात नोकरीस आहे. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी त्याला सुट्टी होती, म्हणून नातीला घेऊन वासोण्यास जाण्याचे ठरले. वासोणा हे सिल्वासाहून सुमारे दहा किलोमीटरवरचे गाव. तेथे जंगलाचा एक भाग कुंपणाने बंदिस्त करून त्यात सिंह ठेवले आहेत, आणि माणसांना जाळी लावलेल्या मोटारीत बसवून आत फिरवतात. नात चार वर्षांची. शब्बाथ शाळेत तिने दानीएलाची गोष्ट नुकतीच ऐकली होती. "या सिंहांची तोंडे बंद केली आहेत का?" हे तिने आदल्या रात्रीपासून तीनदा विचारले होते.

वाटेत तिला मोटार लागली. मुलाने गाडी कडेला घेतली. आजीने तिला तोंड धुवायला लावले, आणि जरा वारा लागावा म्हणून आम्ही तिला खाली उतरवले. समोरच मोहाचे एक मोठे झाड होते. पाने बहुतेक गळून गेलेली, आणि खाली जमिनीवर फिकट पिवळसर, गुबगुबीत फुलांचा सडा पडलेला. वास इतका गोड की पोटात ढवळत असलेले आमचे लेकरू क्षणात सावध झाले. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली होती. तेथे सात-आठ वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून फुले वेचून टोपलीत टाकीत होती, आणि थोड्या अंतरावर तिची आजी किंवा कोणी वडीलधारी बाई दुसरी टोपली भरीत होती.

नात धावली आणि फ्रॉकचा ओचा करून फुले गोळा करू लागली. आम्ही मोठ्या कौतुकाने म्हणालो, "वेच, बाळ, हवी तेवढी वेच. देवाने सगळ्यांसाठीच टाकली आहेत." वर्गात सांगावे असे वाक्य सुचले म्हणून मनातून थोडे खूषही झालो. त्या मुलीने आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. उठली, टोपली उचलली आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूस जाऊन बसली. म्हातारीनेही एकदा आमच्या मोटारीकडे पाहिले आणि पुन्हा खाली मान घातली.

गाडी सुरू झाल्यावर नातीने विचारले, "आजोबा, ही फुलं कोणाची?"

"झाडाची."

"मग ती ताई का गोळा करत होती?"

"तीही तुझ्यासारखी खेळतच होती."

हे उत्तर खोटे होते, आणि खोटे आहे हे आम्हांस ते तोंडातून निघतानाच ठाऊक होते. आमची सारी हयात या पट्ट्याच्या आसपास गेली आहे. मोहाची फुले रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे गळतात. गुरे आणि पाखरे यायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून बायकामुले अंधारातच झाडाखाली जातात. फुले दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते. हा हंगाम काही आठवड्यांचाच. ओली फुले उन्हात वाळवली की त्यांचे वजन पार उतरते, टोपलीभर फुलांचे ओंजळी-दोन ओंजळी होतात. ती वाळलेली फुले कोणी शिजवून खाण्यासाठी ठेवतो, कोणी विकतो, त्यांची दारूही गाळतात, आणि पुढे जी फळे धरतात त्यांच्या बियांचे तेल काढतात. बऱ्याच गावांत कोणते झाड कोणत्या घराने वेचावे हेही पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. झाडलेली जमीन पाहूनच आम्ही ओळखायला हवे होते की येथे कोणाचे तरी काम चालू आहे. जो प्रदेश १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि २०११च्या जनगणनेत जेथे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते, वारली, धोडिया, कोकणा, तेथे मोहाखालच्या माणसाकडे 'खेळणारे मूल' म्हणून पाहायला बरेच डोळे मिटावे लागतात.

सरकारी कायद्यालाही हे उशिरा का होईना सुचले. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना परंपरेने गोळा करीत आलेल्या गौण वनोपजावर मालकीचा हक्क मान्य केला. म्हणजे आम्ही जे वाक्य इतक्या भक्तिभावाने उच्चारले ते कायद्यानेही बरोबर नव्हते.

पण कायद्यापेक्षा आम्हांस दुसरी एक गोष्ट अधिक बोचत होती. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने रूथेची गोष्ट कधी ना कधी वर्गात सांगितली आहे. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचते. लेवीयाच्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे शेतमालकाने पिकाचा कोपरान् कोपरा कापायचा नसतो आणि खाली पडलेले उचलायचे नसते, ते गरिबांसाठी आणि परक्यासाठी राहू द्यायचे असते. ही गोष्ट सांगताना आम्ही नेहमी स्वतःला बवाजाच्या जागी कल्पिले आहे, उदार, हात सैल सोडणारा. त्या सकाळी मात्र पोटभर न्याहरी करून मोटारीतून आलेले लोक सरवा वेचणाऱ्यांच्या टोपलीतला सरवा वेचीत होते, आणि वर देवाचे नाव घेत होते.

सिंहांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. एक सिंह आणि एक सिंहीण झाडाखाली झोपलेली होती. मोटारीतल्या मंडळींनी हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, चालकाने सांगून पाहिले की असे करू नका. सिंहाने एक कान हलवला. आशियाई सिंहांचे जगातले एकमेव रानटी वस्तिस्थान गुजरातेतील गीर आणि त्याचा परिसर, आणि २०२५च्या गणनेत तेथे ८९१ सिंह मोजले गेले. ही माहिती आम्ही वाचून गेलो होतो व नातीला सांगितलीही. ती ओच्यातली फुले मोजीत होती. तिला वीसपर्यंत अंक येतात, त्यानंतर ती पुन्हा एकपासून सुरू करते.

घरी आल्यावर आजीने गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर फुले मांडली. सदतीस होती.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनीशी बोलताना आम्ही ही हकीकत सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, चार वर्षांच्या लेकराला मालकी काय कळते? सदतीस फुलांनी कोणाची चूल विझत नाही. उगाच तिच्या मनात अपराधाची भावना घालू नका. मुलांना फिरायला नेऊन आपण त्यांना मोकळेपणाने आनंदही घेऊ देत नाही."

हे म्हणणे सहज टाकून देण्यासारखे नाही. आपल्या मंडळ्यांत एक खोड आहे खरी. फुलपाखरू दिसले की पुनरुत्थानाचा धडा, मुंगी दिसली की उद्योगाचा धडा, आणि मूल बिचारे त्या मुंगीला काडीने हळूच ढोसण्याच्या आनंदाला मुकते. बारीकसारीक गोष्टींवरून पापाची भीती घातलेली माणसे मोठेपणी कशी होतात हेही आम्ही पाहिले आहे. ती सदा आपलेच हात तपासत बसतात, समोरच्या माणसाकडे त्यांचे लक्षच जात नाही. तेव्हा नातीला बसवून 'तू चोरी केलीस' असे सांगणे आम्हांस कधीच मान्य झाले नसते. तिने चोरी केलीही नव्हती. तिने सांगितले तसे केले. सांगणारे आम्ही होतो.

पण त्या भगिनींच्या बोलण्यातले एक गृहीत आम्हांस पटले नाही. मुलाला मालकी कळत नाही असे त्या म्हणाल्या. मुलाला मालकी कळते, बहुधा तेच सर्वांत आधी कळते. ज्यांच्या घरी दोन मुले आणि एकच चेंडू आहे त्यांना विचारावे. नातीचा प्रश्नच मुळी मालकीचा होता : ही फुले कोणाची? तिने त्या मुलीला उठून दूर जाताना पाहिले होते आणि त्याचा अर्थ तिला लागत नव्हता. अर्थ लागावा म्हणून ती आमच्याकडे आली, आणि आम्ही तिला असे उत्तर दिले की ज्यामुळे त्या मुलीचे पहाटेपासूनचे श्रम नाहीसे व्हावेत. सदतीस फुलांचा हिशेब क्षुल्लक असेल. श्रम करणाऱ्याला खेळणारा म्हणण्याचा हिशेब तितका क्षुल्लक आहे काय? ती सवय एकदा लागली की मोठेपणी घरची मोलकरीण, रस्त्यावरचा हमाल, शेतातला मजूर, यांच्याविषयीही आपण अशीच सोयीची वाक्ये बोलतो. आम्ही बोलत आलो आहोत.

येथून फार लांब नाही, डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासींच्या व गावातल्या मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळा त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी परदेशी साधने बाजूस ठेवून पाने, बिया, शंख-शिंपले, काड्या यांनी शिकवले. जी मुले दिवसभर गुरे चारतात त्यांना शाळेत कसे आणावे, याचेही उत्तर तेथे उलट्या बाजूने शोधले गेले : शाळाच कुरणात गेली, आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. आम्हांस या कामातली एक गोष्ट विशेष वाटते. मूल गुरे राखते हे त्यांनी अडथळा म्हणून झटकून टाकले नाही, आणि ते गोंडस खेळ आहे असेही म्हटले नाही. त्याचे काम काम म्हणून पाहिले, आणि मग त्या कामाच्या शेजारी खेळ व अक्षरे नेऊन बसवली. आपल्या उन्हाळी वर्गांसाठी रंगीत चित्रे शहरातून मागवणाऱ्या शिक्षकांनी एकदा कोसबाडविषयी जरूर वाचावे. असो.

सोमवारी संध्याकाळी आम्ही नातीला जवळ घेतले आणि सांगितले की परवा आजोबा खोटे बोलले. ती ताई खेळत नव्हती, काम करीत होती. फुले वाळवून तिच्या घरची माणसे ती खातात, विकतात. आजोबांना हे माहीत होते, पण त्यांनी सांगितले नाही. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आजोबा खोटे बोलतात ही बातमी तिला फुलांपेक्षा मोठी वाटली असावी, कारण ती खात्री करून घेण्यासाठी आजीकडे गेली. आजीने खरे आहे म्हणून सांगितले. मग ती परत आली आणि म्हणाली, "तर देऊन टाकू या."

मुलाने डोक्याला हात लावला. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, पेट्रोलला लागतील त्या पैशांत कितीतरी फुले बाजारातून आणता येतील, त्यापेक्षा पुन्हा कधी जाऊ तेव्हा त्या बाईंना काही पैसे देऊ, असा त्याचा व्यवहारी सल्ला. हिशेबाने तो बरोबर होता. आम्हीही पैशाचा विचार केला होता आणि तो आवडलाही होता, कारण पैसे देताना देणारा पुन्हा बवाज होतो. पण नातीने पैसे घेतले नव्हते. तिने फुले घेतली होती. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या आठवड्यात एवढ्या साध्या गोष्टीसाठी आम्ही मुलाला पहाटे उठवावे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी सूनबाई म्हणाली, स्कूटरवरून मीच नेते.

तेव्हा मंगळवारी भल्या सकाळी सूनबाई, मध्ये नात, मागे आम्ही, असे निघालो. झाड सापडायला थोडा वेळ लागला, कारण त्या रस्त्याला मोहाची झाडे पुष्कळ आहेत आणि त्या दिवशी आम्ही झाडाकडे नीट पाहिलेच नव्हते. म्हातारी तेथे होती, ती मुलगीही होती. नात स्कूटरवरून उतरली आणि कागदाची पुडी हातात घट्ट धरून तशीच उभी राहिली. एक पाऊल पुढे टाकीना. आम्ही तिला पुढे ढकलले नाही. शेवटी ती मुलगीच उठून आली. नातीने पुडी तिच्या हातात दिली आणि आमच्या पायामागे लपली.

आम्ही म्हातारीला म्हणालो, "मावशी, शनिवारी आमच्या पोरीने तुमची फुलं नेली होती. मीच तिला सांगितलं होतं." तिला आमचे मराठी कळले. तिने मुलीच्या हातून पुडी घेतली, उघडली, दोन फुले बोटांत धरून दाबून पाहिली. मग आपल्या बोलीत म्हणाली की अजून ओलसर आहेत, आणखी एक ऊन द्यायला हवे होते. आणि पुडी टोपलीत रिकामी करून कागद तेवढा घडी घालून नातीला परत दिला.