मतांच्या हंगामातल्या शुभेच्छा

अमेरिकेतली निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी येते आणि आपले गणपती, नवरात्र, दिवाळी तिच्या आगेमागेच. त्यामुळे प्रचार ऐन रंगात असताना पक्षांच्या सणाच्या शुभेच्छाही येऊन थडकतात. आपली दखल घेतली म्हणून काहींना अभिमान वाटतो, तर काहीजण म्हणतात, "आत्ताच बरी आठवण झाली!" मला प्रश्न पडतो तो असा: मतांसाठी दिलेली शुभेच्छा ही शुभेच्छा राहते का?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. गिऱ्हाईक टिकावं म्हणून जो लहान मुलालाही फसवत नाही, त्याचं वागणं बरोबर. पण हेतू स्वार्थाचा, म्हणून त्याला नैतिक मोल नाही. या न्यायाने पक्षांच्या साऱ्या शुभेच्छा बाद होतील. पण मग दिवाळीला वाणी कॅलेंडर देतो, तेही बादच! संक्रांतीला भांडलेल्या शेजाऱ्याच्या हातावर तिळगूळ ठेवताना तरी मनातली अढी कुठे गेलेली असते? आधी हात पुढे होतो, मन मागून येतं. तेव्हा हेतू शुद्ध नाही एवढ्यावरून मी शुभेच्छा नाकारणार नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. विरुद्ध बाजूला मत देणाऱ्यालाही ती शुभेच्छा स्वीकारता येते का?

२०१८ च्या गणेश चतुर्थीला टेक्सासमधल्या फोर्ट बेंड काउंटीच्या रिपब्लिकन पक्षाने गणपतीचं चित्र छापून जाहिरात दिली आणि विचारलं, पूजा गाढवाची करणार की हत्तीची? गाढव हे डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह, हत्ती रिपब्लिकनांचं. टीका झाल्यावर पक्षाने दिलगिरी व्यक्त केली. विनोद म्हणून सोडूनही देता येईल. पण डेमोक्रॅट उमेदवाराला मत देणाऱ्या गणेशभक्ताने ती शुभेच्छा घ्यायची कशी?

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म. २०२० मध्ये बायडन यांनी नवरात्राच्या आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांनी दिवाळीच्या शुभेच्छा देताना वाईटावर चांगल्याचा विजय होवो, असं म्हटलं. भावना आपल्याच सणांतली, त्यात वावगं काही नाही. पण मतदान तोंडावर आलेलं असताना रावण कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या 'रावणा'ला मत देणारा आपलाच शेजारी असतो, कधी सख्खा भाऊही. दसऱ्याचा रावण जळून जातो. शेजारी मात्र निवडणुकीनंतरही शेजारीच राहतो.

हा प्रश्न आपल्या मंडळांपुढेही येतो. उमेदवारांना मंचावरून दोन शब्द बोलायचे असतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या करमुक्त संस्थेला कुणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, हा झाला कायदा. मला वाटतं, त्यांनी जरूर यावं, आरतीला उभं राहावं, मोदक खावा, शुभेच्छा द्याव्यात. मत मागू नये. समोर व्हिसावर आलेला तरुण असतो, ग्रीन कार्डवाले असतात, नातवंडांना भेटायला आलेले आजी-आजोबा असतात. त्यांना इथे मत नाही. त्यांनाही जो तेवढ्याच अगत्याने "शुभ दीपावली" म्हणेल, त्याच्या हातावर मी आनंदाने प्रसाद ठेवीन.

मत कुणाला द्यायचं, ते नंतर बघू.