हाताने दिले, तरी ती चोरीच

माणसाने स्वतःच्या हाताने पैसे मोजून दिले आणि ते बुडाले, तर त्याला चोरी म्हणावे काय? चोर रात्री घर फोडतो तेव्हा सारी वस्ती धावून येते. फसलेल्या माणसाला मात्र वस्ती विचारते, "तूच दिलेस ना?" हा प्रश्न मी कित्येक महिने स्वतःलाच विचारीत होतो, म्हणून तो आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या वारज्यातील वस्तीत ओळखीच्या एका गृहस्थाने आठ महिन्यांत पैसे दुप्पट करण्याची योजना आणली. मी शिक्षक, घराण्यातला पहिला पदवीधर. वस्तीतले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. तरीही मी वीस हजार रुपये दिले. दोन हप्ते आले, तिसरा आला नाही. "गुरुजी फसले" हे ऐकावे लागेल या भीतीने मी तोंड मिटून बसलो. त्याच महिन्यात धुणीभांडी करणाऱ्या माझ्या मावशीने लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे त्याच गृहस्थाला दिले. का, तर गुरुजींनी दिले म्हणून! माझे पैसे त्याने नेले. मावशीचे पैसे नेण्यात माझ्या मौनाचाही हात होता.

हेच मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर घडले. 'टोरेस' नावाच्या दागिन्यांच्या दुकानांनी २०२४ साली खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देऊ केला. नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला वेगळे बक्षीस होते. जानेवारी २०२५ मध्ये पैसे मिळणे थांबले आणि दादरच्या दुकानापुढे लोकांची गर्दी लोटली. त्यांत भाजी विकून पोट भरणारेही होते. अशा योजनांत धंद्याचा नफा नसतोच. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला हप्ता जातो. हप्ता मिळालेला जुना माणूस प्रामाणिकपणे भावाला, शेजाऱ्याला बोलावतो. आपल्याच माणसाच्या विश्वासावर हे यंत्र चालते.

म्हणून 'आपला माणूस सांगतो' एवढे कारण पुरेसे नाही. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा आपला आदरणीय गुरू आहे म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून घ्या. मग गुरुजींचे काय घेऊन बसलात?

आता मूळ प्रश्न. दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. ठक म्हणेल, "मला तर दिले होते." पण खरे माहीत असते तर मावशीने दिले असते काय? जे खोटे सांगून काढून घेतले, ते दिलेले नव्हेच. ठक आधी खोटे बोलून चौथे शील मोडतो आणि त्या खोट्याच्या आधारे दुसरे. कायद्याचेही म्हणणे हेच आहे. आपण 'चारसोबीस' म्हणतो, तो शब्द जुन्या दंड संहितेच्या कलम ४२० वरून आला. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. फसवून द्यायला लावणे हाच तो गुन्हा. तेव्हा लाज वाटायची ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला नव्हे.

लाज गेली की कर्तव्य उरते. दुप्पट पैसे सांगणाऱ्याला विचारा, नफा येतो कोठून? ठेवी घेण्याची परवानगी कोणाची? पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना सांगा. फोनवर अटक करणारा पोलीस कायद्यात नाही. फोनवरून पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० वर कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. ठेवी बुडविणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. पोलीस ठाण्यात जाताना पावत्या आणि मोबाईलवरचे निरोप जपून न्या.

शेवटी मी व मावशी दोघे मिळून पोलीस ठाण्यात गेलो. पैसे अजून मिळालेले नाहीत. परंतु परतल्यावर आम्ही वस्तीत उघडपणे सांगितले, आणि त्यानंतर त्या गृहस्थाला आमच्या गल्लीत कोणी एक रुपया दिला नाही. हे मी पहिल्याच दिवशी केले असते, तर मावशीचे पैसे वाचले असते.