किनारा जवळ आला की…



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७ आणि त्यावरची ज्ञानेश्वरी.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की विषयांत फिरणाऱ्या इंद्रियांपैकी ज्याच्या मागे मन लागतं, ते इंद्रिय माणसाची बुद्धी ओढून नेतं. पाण्यावरच्या नावेला वारा ओढून नेतो ना, अगदी तसं. त्यासाठी पाचही इंद्रियं सुटायला लागत नाहीत, एक पुरतं.

श्लोकात नाव आहे, पाणी आहे, वारा आहे. ज्ञानेश्वर माउली त्यात किनारा आणतात. त्यांची नाव भर समुद्रात नाहीये, ती थडीला लागत आलेली आहे. तेवढ्यात वाईट वारा सुटतो आणि टळलेलं संकट पुन्हा समोर येतं. पुढे माउली म्हणतात, की पोचलेल्या माणसानेसुद्धा इंद्रियांचे लाड केले, आणि तेही नुसते कौतुकाने, तर संसाराचं दुःख त्याला गाठतंच.

हे नीट समजावं म्हणून आपल्या अमरावती-अकोल्याच्या वाचनगटाची मालवणची सहल सांगतो. आपण वऱ्हाडातली माणसं. आपलं पाणी म्हणजे पूर्णा, वान, नाहीतर चिखलदऱ्याचा तलाव. समुद्रात कयाक वल्हवायची बहुतेकांची पहिलीच वेळ. एका कयाकमध्ये दोघं, अंगात लाइफ जॅकेट, सोबत तिथले जाणकार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटाला फेरी मारून परत यायचं, एवढाच बेत.

सकाळी पाणी शांत होतं. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे वाचलेले आठवतात का? रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दिवस चढला, जमीन तापली, की तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. किल्ल्याच्या पश्चिमेला, उघड्या समुद्राच्या बाजूला, लाटा मोठ्या होत्या. तटाजवळ पाण्याखाली खडक. तिथे कोणी बोलेना. सगळे एका लयीत वल्हं मारत होते, जो सगळ्यात हळू त्याच्या वेगाने. कोणाचीही नाव भरकटली नाही.

भरकटली ती परतताना. मालवणचा किनारा समोर, माणसं ओळखू येतील इतका जवळ. एका जोडीने वल्ही मांडीवर ठेवली आणि फोटो सुरू केले. "आता काय आहे भाऊ, आलोच न!" खारा वारा तोवर सुटला होता आणि तो बाजूने लागत होता. कयाक हलकी, पाण्यावर अलगद बसलेली. दोन-तीन फोटो होईस्तोवर ती गटापासून कितीतरी लांब गेली, लाटांना आडवी झाली. मग घाबरगुंडी, शिट्ट्या, आणि दोन कयाक त्यांना आणायला परत. सगळे सुखरूप आले. पण सगळ्यात अवघड जागा पार केल्यानंतर, सगळ्यात सोप्या जागी हे झालं.

हे आज का लिहितोय? परवा एका वाचकाचा मेसेज आला. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळायचं व्यसन. घरात माहीत झालं, वडिलांनी कर्ज फेडलं, याने खेळ सोडला. अकरा महिने रोज हरिपाठ, एकही डाव नाही. मग एका रात्री मनात आलं, आता तर आपण सुटलोच, शंभर रुपये लावून पाहू, गंमत म्हणून. पहाटेपर्यंत महिन्याचा पगार गेला. त्याने विचारलंय, "दादा, म्हणजे माझे अकरा महिने खोटे होते का?"

नाही रे बाबा. भर समुद्रातून वल्हवत आलेलं अंतर खोटं कसं असेल? तुझी नाव फुटलेली नाही, वाऱ्याने बाजूला नेली आहे. पण "गंमत म्हणून" हे तुझे शब्द आणि माउलींचं "कौतुकाने", यात फरक किती आहे ते बघ. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी हे मन ओळखलं होतं. पहिल्या महिन्यात आपण घाबरून सावध असतो. अकराव्या महिन्यात वाटतं, आता मला काही होत नाही. वल्हं तिथे सुटतं.

आता काय करायचं? त्या जोडीने केलं तेच. लपायचं नाही, शिट्टी वाजवायची. आज रात्रीच वडिलांना किंवा मोठ्या भावाला सांग. पैशाचा व्यवहार काही दिवस त्यांच्या हातात दे, आणि सुटत नसेल तर डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस. सत्संग म्हणजे फक्त एकत्र भजन नव्हे. कोणी मागे पडला तर नाव वळवून परत जाणारी माणसं, हाही सत्संगच.

आणि एक गोष्ट मनात ठेवा. चहूबाजूंनी खारं पाणी, तरी सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. खारपाणपट्ट्यातल्या आपल्या लोकांना गोड्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. मोबाईल, बाजार, मित्र, हा समुद्र काही आटणार नाही. त्याच्या मधोमध राहूनच आतलं पाणी गोड ठेवायचं आहे. याच अध्यायात, ६४व्या श्लोकात भगवंत हेच सांगतात : राग-द्वेष सोडून, इंद्रियं ताब्यात ठेवून विषयांत वावरणाऱ्याला प्रसन्नता मिळते.

आजचा संकल्प : "हे तर आता मला जमलंच" असं ज्या गोष्टीबद्दल वाटतं, तिचं नाव एका कागदावर लिहा. आज तिथे वल्हं जास्त घट्ट धरा.

माउली सगळ्यांची नाव थडीला लावो. राम कृष्ण हरी!